तीन नंबरचं तळं

तीन नंबरच्या तळ्यातली ताटली लहूनं दोरीनं वर ओढली. पहाटे टाकलेलं खाद्य तसंच होतं. फुगून, मऊ होऊन जाळीला चिकटलेलं. एरवी दोन तासांत ताटली पुसून ठेवल्यासारखी रिकामी मिळायची आणि वर चार-दोन कोळंब्या उड्या मारत असायच्या. आज एकही नव्हती.

त्यानं ताटली परत पाण्यात सोडली. बांधावरून चालत पुढच्या कोपऱ्यावर गेला, तिथली ओढली. तीच गत.

"काय वो लहूभाऊ, खाईनात व्हय?" पलीकडच्या बांधावरून तुकारामनं विचारलं. तो साताऱ्याकडचा. पिकअप चालवायचा आणि गाडी उभी असली की तळ्यावरच्या कामाला हात लावायचा.

"पाणी तापलं असंल," लहू म्हणाला.

सप्टेंबर लागला होता तरी बहरीनचं ऊन उतरलं नव्हतं. समुद्रावरून वारं येत होतं, पण ते ओल्या फडक्यासारखं तोंडावर बसत होतं. बनियन पाठीला चिकटलेला. पाणी घुसळणारे पंखे फटफट करत फिरत होते. लहू वाऱ्याच्या दिशेचा कोपरा धरून चालत राहिला, कारण तळ्यात जे काही मरतं ते वारा तिथं आणून टाकतो, हे त्याला ठाऊक होतं.

कोपऱ्यात सात-आठ कोळंब्या काठाला लागून पोहत होत्या. माणूस जवळ आला तरी पळत नव्हत्या. दोन उताण्या पडल्या होत्या. अंग लालसर झालेलं. लहूनं एक उचलली. तिनं शेपूट एकदा मारली आणि गप पडली. त्यानं अंगठ्याच्या नखानं डोक्यावरचं कवच सोलून काढलं, बोटांनी पुसलं आणि उन्हाकडं धरलं.

कवचात पांढरे ठिपके होते. चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे.

तो खाली बसला.

दोन वर्षांमागं, चौऱ्याण्णव साली, तो आंध्रात नेल्लोरकडं तळ्यांवर कामाला होता. तिथं त्यानं हे ठिपके पहिल्यांदा पाहिले. आठ दिवसांत गावंच्या गावं बसली होती. माल पुरता मरायच्या आत तिथल्या मालकांनी रातोरात तळी उपसून आजारी कोळंबी बर्फात भरली आणि विकून टाकली. टोपल्या भरणाऱ्यांत लहूही होता. माणसाला त्या रोगाचं काही होत नाही, खाल्लं तरी चालतं. पण कोळंबीच्या जातीला तो लागला की औषध नाही.

हा रोग पाहिलेला माणूस म्हणूनच अरबाबानं, म्हणजे इथल्या मालकानं, त्याला इथं आणला होता. सखीरच्या पुढं रस्ता संपतो तिथं, समुद्राला लागून, अरबाबाची चार तळी. लहूनं आल्या आल्या नियम घातले. फाटकात ब्लीचिंगच्या पाण्याचं टमरेल आणि पाय बुडवायला कुंड. प्रत्येक तळ्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. खेकडे चढू नयेत म्हणून बांधाला सगळीकडून गुडघाभर प्लास्टिकचं कुंपण. पक्ष्यांसाठी पाण्यावरून दोऱ्या ताणलेल्या. आणि सगळ्यांत मोठा नियम, बाहेरची कच्ची कोळंबी, खेकडा, त्यातलं काहीही फाटकाच्या आत आणायचं नाही. हा नियम त्यानं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाटीवर लिहून घेतला होता.

त्यानं हातातली कोळंबी खिशात नाही टाकली, पाण्यातही नाही. मुठीत धरून तो पंपघराकडं पळाला.

"गनीभाय! पंप बंद करा! बंद करा पंप!"

गनी पंपघराच्या सावलीत एका पंख्याच्या बेअरिंगला वंगण लावत बसला होता. पन्नाशी उलटलेला, दाढी पांढरी, डोक्याला टॉवेल. त्यानं आधी पंप बंद केला आणि मग विचारलं, "काय झाला रे?"

लहूनं मूठ उघडली.

गनीनं ठिपक्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं टॉवेल डोक्यावरून काढून तोंड पुसलं.

गनी लहूच्याच खाडीचा. एका काठाला लहूचं गाव, समोरच्या काठाला गनीचं. गनीचा बाप होडी चालवायचा. लहूच्या बापाला अलीकडच्या गावात कुणी ओट्यावर घेत नसे, पण गनीच्या बापाच्या होडीत तो चारचौघांबरोबर फळीवर बसायचा, त्याच्याच लोट्यातलं पाणी प्यायचा. ही गोष्ट लहूच्या घरात पुन्हा पुन्हा सांगितली जायची. अरबाबाकडं लहूचं नाव गनीनंच घातलं होतं. लहूची बायको कांता हिला फॅमिली व्हिसावर आणायचं ठरलं तेव्हा, "सगळ्यांचा जेवण करंल ती, दोन खोल्या द्या," असं अरबाबाला गळ घालून त्यानंच कबूल करून घेतलं होतं. कांताला तो बहिणीसारखं 'बाय' म्हणायचा, आणि कांताला भाऊ नव्हता.

*

अरबाब दुपारी आला. पांढरा झगा वर उचलून धरत त्यानं कुंडात चपला बुडवल्या. हे तो नेमानं करायचा. तळ्याच्या कोपऱ्यात एव्हाना घमेलंभर मेलेल्या जमल्या होत्या.

"दवा?"

"दवा मफी, अरबाब. दवा नहीं है," लहू म्हणाला. "तीन नंबर को मारना पडेगा. अभी. पानी में ब्लीचिंग. नहीं तो बाकी तीन भी जाएगा."

"सब मारेगा? जो जिंदा है वो भी?"

"सब."

आणखी तीन आठवड्यांनी कोळंबी काढायची होती. बोटाएवढी जाडजूड झाली होती. अरबाब तळ्याकडं पाहत राहिला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याचा बाप मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांतला, असं तो कधी कधी अभिमानानं सांगायचा. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ये बीमारी पैदल नहीं आया. कौन लाया?"

त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"लहू. तुम बोला था, रूल रखेगा तो नहीं आएगा. हम सब रूल रखा. अब बोलो, कौन लाया?"

लहूला ते लागलं. सगळ्यांच्या देखत, ज्या गोष्टीसाठी त्याला आणला तीच त्याला जमली नव्हती. तेवढ्यात तुकाराम पुढं झाला आणि पायांकडं बघत म्हणाला, "गनीचाचा के रूम के पीछे खेकडे का डोरी है. मैं देखा है."

सगळे पंपघरामागं, गनीच्या खोलीकडं गेले. खिळ्याला दोरी टांगलेली होती, तिच्या टोकाला जाळीची लहानशी पिशवी. खाली वाळूत खेकड्याचा एक वाळका नांगा पडला होता.

"ये क्या है, गनी?"

"शुक्रवार को पकडता है, अरबाब," गनी म्हणाला. "बाहर. उधर खडक पे. बाहरच भूनके खाता है. अंदर कभी नहीं लाया."

"ये अंदर कैसे आया?" अरबाबानं नांगा पायानं उलटा केला.

अरबाब लहूकडं वळला. "केकडे से आता है ये बीमारी?"

लहूनं गनीकडं पाहिलं नाही. "आता है."

"रूल में लिखा है?"

"लिखा है, अरबाब."

"खलास," अरबाब म्हणाला.

गनीचा व्हिसा कॅन्सल करायचं ठरायला एवढाच वेळ लागला. कागद व्हायला पाच-सहा दिवस लागणार होते. तोवर त्यानं काम करायचं होतं.

*

त्याच संध्याकाळी तळं मारायला घेतलं. ब्लीचिंगची पिंपं फोडली की भपकारा यायचा आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. नाकातोंडाला ओली फडकी बांधून लहू, तुकाराम आणि गनी तिघं बादल्या भरून बांधावरून फिरत फिरत पावडर कालवलेलं पाणी तळ्यात ओतत होते. पंखे चालू ठेवले होते, पाणी सगळीकडं पोचावं म्हणून. अर्ध्या तासात तळं उकळल्यासारखं झालं. कोळंब्या पाण्याबाहेर उड्या मारायला लागल्या. शेकड्यांनी. काही बांधावर येऊन पडत होत्या आणि फडफडत पुन्हा पाण्याकडं सरकत होत्या. त्यांतल्या कितीतरी पाहायला धडधाकट होत्या. काचेसारखं अंग, लांब मिशा, एक ठिपका नाही. लहू त्यांना फावड्यानं परत आत लोटत होता.

मग तळं गप झालं.

दुसऱ्या दिवशी पंखेही बंद केले. मेलेला माल जाळ्यांनी ओढून काठाला आणायचा, फावड्यानं घमेल्यात भरायचा, घमेलं डोक्यावर घेऊन फाटकापलीकडं खणलेल्या चरात ओतायचं, वर चुना मारायचा. उन्हानं तास-दोन तासांत वास सुटायचा. घमेल्यातलं पाणी केसांतून मानेवर गळायचं. चुना आणि ब्लीचिंग मिळून हातांची सालं निघायला लागली. कोळंबीच्या डोक्यावरचे काटे रबरी मोज्यांतून आत घुसायचे, आणि टोचलेल्या जागेवर ब्लीचिंग लागलं की माणूस कळवळायचा.

गनी बरोबरीनं ओझी वाहत होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. तुकाराम तर त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचा. एकदा घमेलं उचलताना गनीचा पाय घसरला आणि तो त्या लाल राड्यात गुडघ्यावर बसला. लहू दोन हातांवर होता. त्यानं पुढं होऊन उचलायला हवं होतं. तो फावडं धरून उभा राहिला. गनी आपला आपण उठला, सांडलेलं पुन्हा भरलं आणि घमेलं डोक्यावर घेतलं.

कांता दुपारी बांधाच्या टोकाशी चहा आणून ठेवायची. तिला चौथा महिना चालू होता. वासानं तिला उलट्या व्हायच्या म्हणून लहूनं तिला पुढं यायला बंदी केली होती. चहा ठेवून ती लगेच जायची. गनीनं दुरून हात वर केला तरी ती मान खाली घालूनच वळायची. लहूला वाटलं, गनीवर तिचाही राग आहे. ते त्याला बरंच वाटलं.

*

चौथ्या दिवशी लहू दुपारी घरी आला तो हात पुढं धरूनच. तळव्यांना फोड येऊन फुटले होते. कांतानं त्याला दाराशी स्टुलावर बसवला, परातीत हात ठेवायला सांगितले आणि वरून गार पाण्याची धार धरली.

"तेल लावायला हवं," लहू म्हणाला.

कांता पाणी ओततच राहिली. तांब्या रिकामा झाला तरी तिचा हात तसाच वाकडा होता.

"काय गो? काय झालं?"

"गनीभायनं नाय आणलान तो रोग," ती म्हणाली.

"तुला काय म्हाईत?"

"मी आणलाय."

लहू तिच्याकडं बघत राहिला. ती परातीकडं बघून बोलत होती, एका सुरात, पाठ केल्यासारखं. मागच्या महिन्यात तिला डोहाळे लागले होते. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं, आणि जीव सारखा कोळंबीवर. आमसूल घातलेलं, खाडीकाठचं कालवण. इथं तळ्यात लाखांनी कोळंबी, पण त्यांतली एक उचलायची नाही हे तिला ठाऊक होतं. एका शुक्रवारी गनी शहरात, मनाम्याला निघाला होता. तिनं त्याला सांगितलं. गनी नको म्हणाला. मग ती रडली, तेव्हा तो तयार झाला. तिथल्या बाजारातल्या हिंदुस्तानी दुकानातून त्यानं बर्फातलं पाकीट आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत तळाशी घालून.

"मोरीत धुवायची तर मोरी तुंबलेली," कांता म्हणाली. "तुमाला तीनदा सांगितला मी, खड्डा भरलाय, उपसून घ्या. तुमी बघतो बघतो म्हणालाव. मग मी भायेरच्या नळाव गेले."

लहूनं दाराबाहेर पाहिलं. नळ तिथंच होता, वीस पावलांवर. नळाखालचं पाणी वाळूतून घळ पाडत वाहत गेलं होतं. घळ समुद्राचं पाणी आणणाऱ्या चारीला मिळाली होती. त्या चारीतून पंप पाणी उचलायचा, आणि पंपापासून पहिला फाटा तीन नंबरचा होता. हे सगळं तो रोज पाहत होता.

"टरफलं?"

"पुरली. धुतल्याला पाणी तेवढा गेला."

"पाकिटावर काय लिहिलं होतं? कुठला माल?"

"विंग्रजी होता. मना काय कळतंय?" मग ती म्हणाली, "गनीभायनं वाचलान तेव्हा हसून म्हणाला, आंध्राचा हाय, तुज्या नवऱ्यानंच भरला आसंल."

लहू उठला. त्याचा हात परातीला लागला आणि ती उलटली. त्याच्या डोळ्यांपुढं बर्फाच्या टोपल्या आल्या. तो माल कुठं कुठं गेला असेल याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. त्यानं कांतावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. त्यानं तिला कधी मारलं नव्हतं.

"चार दिस गप कशी राहिलीस? माणसाचं वाटोळं झालं तरी?"

"गनीभायनं शपथ घातलान, बोलायचा नाय म्हणून," कांता म्हणाली, आणि आता तिचा सूर मोडला. "पोराची शपथ घातलान. पोटातल्या."

*

गनी पंपघरात आपली हत्यारं पुसून पेटीत लावत होता. पान्हे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं. लहू दारात उभा राहिला.

"बाय बोलली वाटतं," गनी त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाला.

"मी अरबाबाकडं जातोय. सगळं सांगतोय."

"बस."

"बसायला नाय आलो. तुमी माझ्यासमोर गप उभे राहिलाव. मी सगळ्यांदेखत बोललो, लिहिलंय म्हणून. आनि तुमी—"

"खोटा काय बोललास?" गनी म्हणाला. "पाकीट फाटकातनं आत कोण आणलान? मी आणला. नियम मना ठाव नव्हता? होता. मंग? खेकड्यानं आला म्हणा, पाकिटानं आला म्हणा. गेला तो मीच जाणार."

"धुतलं माझ्या घरात."

"हां. आनि तू सांगशील, मंग काय होईल? अरबाब माझा जायाचा तिकीट फाडून टाकंल? तो तीन तिकिटा काढंल. बाय चौथ्या महिन्याची. तुझ्या हातात दुसरा काम नाय. जाशील कुठं? नेल्लोरला?" त्यानं पान्ह्यावर फुंकर मारली. "माझी चौदा वर्षां झाली इथं. म्हाताऱ्याला कधीतरी जायाचाच होता. घरवाली मसूदा दर पत्रात लिवते, आता बास."

"असं नका करू, गनीभाय."

"लहू, आयक. रोग नक्की त्याच पाकिटातनं आला ह्या तरी कोण सांगणार? कोळंबीचा बीज परदेशातनं आलंला. समुद्राचा पाणी हाय. खेकडं हायत. तुला ठाव हाय नक्की?"

लहूला ठाऊक नव्हतं. ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. पण गनी हे त्याला वाट करून द्यायला म्हणतोय, एवढं त्याला कळलं.

तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी तुकारामबरोबर मनाम्याला गेला. अरबाबाचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. एसीचा गारवा इतका, की घामेजलेल्या शर्टात त्याला कापरं भरलं. तो सोफ्यावर नाही बसला, कारण त्याच्या कपड्यांना वास येत होता. दोन माणसं आत गेली, बाहेर आली. त्यांतल्या एकानं नाकाला रुमाल लावला. लहू मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. 'अरबाब, गनी नहीं लाया.' मग, 'मेरा बीबी.' हे दुसरं वाक्य जुळत नव्हतं. 'मेरा बीबी' म्हटलं की पुढं सगळं अडायचं.

अरबाबानं आत बोलावलं. "हां, लहू. एक नंबर, दो नंबर कैसा है?"

"ठीक है, अरबाब."

"इंशाल्ला. तुम अच्छा आदमी है. क्या चाहिए?"

लहूनं तोंड उघडलं. अरबाब फोन कानाला लावता लावता त्याच्याकडं बघत थांबला होता.

"ब्लीचिंग पावडर खलास होनेवाला है," लहू म्हणाला.

तो जिना उतरला. खाली तुकारामनं विचारलं, "झालं का काम?" लहू म्हणाला, "झालं."

*

गनी शुक्रवारी गेला. पिकअपच्या मागं एक सूटकेस, दोरीनं बांधलेला एक खोका. हत्यारांची पेटी त्यानं पंपघरात ठेवली. ती कंपनीची होती. कांता दारातून बाहेर आलीच नाही. गनीनं दाराशी जाऊन बाहेरूनच हाक मारली, "बाय, चाललो गो. तब्येत संभाळ." आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

लहू फाटकापर्यंत आला. त्यानं हात पुढं केला. दोघांच्याही तळहातांवर सालं निघालेली होती. जोरात दाबणं दोघांनाही जमलं नाही.

"चार नंबरच्या पंख्याचा पट्टा ढिला हाय," गनी म्हणाला. "आठ दिवसात बदल."

एवढंच बोलून तो तुकारामच्या शेजारी जाऊन बसला. चार दिवस त्याच्या वाटेतून बाजूला होणाऱ्या तुकारामनं त्याच्यासाठी काच खाली केली. गाडी सखीरच्या रस्त्याला लागली. धूळ बसेपर्यंत लहू तिथंच उभा होता.

दहा दिवसांनी दोन नंबरच्या ताटलीत खाद्य उरलं. मग चार नंबर. शेवटी एक नंबर. लहूनं सगळे बांध पिंजून काढले, खेकड्यांची बिळं चुन्यानं बुजवली, रात्रंदिवस राखण केली. काही उपयोग झाला नाही. ऑक्टोबर संपता संपता चारही तळी कोरडी पडली. तळाचा काळा गाळ उन्हानं तडकला. अरबाब येऊन पाहून गेला आणि म्हणाला, उन्हाळ्याआधी पुन्हा बीज टाकू. गनीचं नाव त्यानं काढलं नाही. तो कदाचित विसरलाही होता.

त्या थंडीत लहूनं तुंबलेला खड्डा उपसला, मोरीला नवा पाइप घातला, नळाखालची घळ सिमेंटनं बंद केली. ही सगळी कामं एका दिवसात झाली.

*

फेब्रुवारीत कांता बाळंत झाली. मुलगी. नाव संघप्रिया ठेवलं. महिनाभरानं खाडीकडचा एक माणूस मनाम्यातल्या झिंजमध्ये ड्रायव्हर म्हणून लागला होता, तो पुडकं घेऊन आला. आत आमसुलं होती, दोन झबली आणि एक कुंची. हातशिलाईची, बारीक टाक्यांची. बरोबर पत्र. गनीच्या बायकोनं, मसूदानं, शेजारच्या कुणा पोरीकडून लिहून घेतलेलं. लहूनं कांताला वाचून दाखवलं.

'लहूभाऊंना आणि कांताबायला मसूदाचा सलाम. बाळंतपण नीट झाल्याचं समजलं, खुशाली वाटली. हे घरी आल्यावर सगळं सांगितलं. तुम्ही ह्यांच्यासाठी अरबाबाच्या पायावर डोकं ठेवलंत, माझी नोकरी घ्या पण ह्यांना ठेवा म्हणालात, हे ऐकून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. परदेशात इतकं कोण कुणासाठी करतं? ह्यांना खोकला झाला आहे, छातीत ते पावडरचं बसलंय म्हणतात. होडीवर जातात कधी कधी. पोरीला कुंची घाला. गावी याल तेव्हा आधी आमच्याकडं या, मग घरी जा.'

कांता कुंची हातात धरून बसली होती. "पायाव डोकं ठेवलाव?" तिनं विचारलं. "तुमी सांगितलाव अरबाबाला?"

"नाय," लहू म्हणाला. मग त्यानं तिला ऑफिसातलं खरं ते सांगितलं. तोवर त्यानं ते तिलाही सांगितलं नव्हतं.

कांतानं कुंची घडी करून बाजूला ठेवली. पोरगी रडायला लागली तशी तिनं तिला पदराखाली घेतली आणि म्हणाली, "पत्र लिवा. सगळा लिवा. मी धुतली तो, नि तुमी बोलला नाय तो. मसूदाभाबीला कळू दे. माझ्या पोरीची शपथ मीच मोडते, काय व्हायाचा तो होऊं दे."

लहूनं तीन पानं लिहिली. कांतानं सांगितलं तसं आणि त्याला स्वतःला आठवलं तसं, काही न वगळता. पाकिटावर आंध्राचं नाव होतं तेही लिहिलं. मनाम्याच्या पोस्टात टाकताना त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

उत्तर एप्रिलमध्ये आलं. नवं बीज सोडायची त्यांची गडबड चालू होती. दुपारच्या जेवणाला लहू घरी आला, हात धुतले आणि पाकीट फोडलं. एकच कागद. अक्षर गनीचं, मोठं आणि वाकडं.

कांता पोरीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. "काय लिवलान? वाचा की."

लहूनं वाचलं.

'लहू यास, गनीचा सलाम. तुझं पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलान. नशीब. मसूदाला वाचून दाखवला नाय. चुलीत घातला. आता परत असला लिवू नको. तिनं वाडीत सगळ्यांना सांगितलान, लहूनं माझ्या माणसासाठी काय काय केला ते. दिवसातनं दहा वेळा तुमचा नाव घेते. तिला तेवढा बरा वाटतो तर वाटू दे. पोरीला माझी दुवा.'

लहूनं कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं.

कांताचा तेलाचा हात पोरीच्या पाठीवर थांबला होता. "मे महिन्यात रजेव जायाचा हाय," ती म्हणाली. "त्यांनी आधी बोलावलाय. घरी जायाच्या आधी."

"व्हय."

"ती दारात येईल. पोरीला घेईल. मना पोटाशी धरंल." कांतानं लहूकडं पाहिलं. "तेव्हा मी कुठं बघू वो?"

बाहेर तुकाराम हाका मारत होता. बिजाची गाडी आली होती. लहू ताटावर न बसताच उठला आणि बाहेर गेला. कांता तशीच बसून राहिली. पोरीला गार लागेल म्हणून तिनं तिला पुसली, झबलं घातलं, आणि मग तोंडाला पदर लावून रडली.